हिचं शेपूट कुठाय? ट्यूसॉनच्या हावेलिना ओळखायच्या कशा, पाहायच्या कुठं

आबा पहिल्यांदा अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ट्यूसॉन शहरी, माझ्याकडं आले तेव्हा नोव्हेंबर चालू होता. सांगोला तालुक्यातलं आमचं गाव सोडून ते तोवर पुण्याच्या पलीकडं गेलेले नव्हते. झोपेचं घड्याळ उलटं झालेलं, त्यामुळं पहाटे चारला उठून मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे. तिसऱ्या दिवशी हळू आवाजात हाक आली, "पोरी, ऊठ. डुकरं आल्यात." मी बाहेर गेले तर नऊ हावेलिना, म्हणजे इथली रानडुकरासारखी दिसणारी जनावरं, कुंपणापलीकडच्या फड्या निवडुंगावर तुटून पडलेल्या. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पर हिचं शेपूट कुठाय?"

मी तोवर सहा वर्षं त्या घरात राहत होते. शेकडो वेळा हावेलिना पाहिल्या होत्या, पण शेपटाकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. ज्यानं उभ्या आयुष्यात मक्याच्या रानात रात्र-रात्र राखण केली, त्या माणसाला ते पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. हिवाळ्यात मुलांकडं राहायला आलेल्या आपल्या माणसांपैकी कुणी ना कुणी दर वर्षी मला अंधारातला फोटो पाठवून विचारतं, "ताई, ही रानडुकरं अंगावर येतात का?" फोनवर याचं पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी नाव

पाटीवर इंग्रजी 'जे'नं सुरू होणारं नाव दिसेल, पण ते स्पॅनिश आहे, म्हणून उच्चार 'ह'. हावेलिना. स्पॅनिशमध्ये रानडुकराला 'हाबाली' म्हणतात, त्याचं मूळ अरबीतल्या डोंगराच्या शब्दात आहे, आणि त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे युरोपातून आलेल्या लोकांनाही पहिल्या नजरेत डुक्करच वाटलं होतं. हावेलिना आणि तिच्या कुळातल्या सगळ्या प्राण्यांचं मिळून इंग्रजी नाव 'पेकरी'. तो शब्द दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला आहे.

मागून पुढं बघत या

आबांची पद्धत हीच, आणि मला अजून तिच्याहून चांगली सापडलेली नाही. आधी मागची बाजू. रानडुकराला वीतभर, गोंडा असलेलं शेपूट असतं. हावेलिनाचं शेपूट म्हणजे राठ केसांत बुडालेला खुंट, तो दिसतच नाही. मग उंची. पूर्ण वाढलेली हावेलिना खांद्यापाशी दीड-पावणेदोन फूट, वजन साधारण 15 ते 25 किलो. डोकं मात्र अंगाच्या मानानं मोठं आणि पाय काटकुळे, त्यामुळं दुरून अंदाज चुकतो आणि लोक तिला दुप्पट मोठी समजतात.

मग मान बघा. खांद्यावरून गळ्याकडं उतरणारा पांढुरक्या केसांचा पट्टा असतो, बैलाला घातलेल्या पट्ट्यासारखा. उजेड कमी असला तर हा दिसणार नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. तोंड दिसलं तर सुळे बघा. रानडुकराचे वरचे सुळे बाहेर येऊन वर वळतात, मिशीला पीळ भरल्यासारखे. हावेलिनाचे वरचे सुळे सरळ खाली येतात आणि खालच्यांवर घासून घासून दोन्ही धारदार राहतात. नर-मादी बाहेरून जवळपास सारखेच दिसतात, तेव्हा "तो मोठा नर" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं लगेच खरं मानू नका.

पिल्लांवरून तर चूक होऊच शकत नाही. रानडुकराच्या पिल्लांच्या अंगावर लांब पट्टे असतात, आणि एका वेळी चार-सहा तरी होतात. हावेलिनाला बहुधा दोनच, रंग विटकरी, पाठीवर एक गडद रेघ. इथले लोक त्यांना 'रेड्स' म्हणतात. गाभणकाळ साधारण 145 दिवसांचा. जन्मल्यावर काही तासांतच ती आईच्या मागं धावू लागतात.

आणि वास. पाठीवर, शेपटाच्या खुंटाच्या वर वीतभर अंतरावर, एक ग्रंथी असते. तिच्यातून तेलकट, उग्र वासाचा स्राव येतो. आबा म्हणाले, "बोकड बांधलेल्या खोपटाचा वास." याहून नेमकं मला सांगता येणार नाही. दोघी उलटसुलट तोंडं करून शेजारी उभ्या राहतात आणि एकमेकींच्या त्या जागेवर डोकं घासतात, तेव्हा कळपाचा एकच वास सगळ्यांच्या अंगाला लागतो. हावेलिनाची नजर अधू असते. आपलं कोण, परकं कोण, हे तिला नाकानं कळतं. पुष्कळदा ती दिसायच्या आधी तिचा वास येतो, म्हणून फिरताना नाक उघडं ठेवा.

मग ही आहे तरी कोण?

डुकराशी नातं आहे, पण लांबचं. सम खुरांच्या प्राण्यांच्या गणात डुकरांचं कूळ सुइडी, आणि पेकरींचं कूळ टायासुइडी. दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एक, पण वाटण्या होऊन तीन कोटींहून जास्त वर्षं झाली. डुकरं आशिया, युरोप, आफ्रिकेत राहिली; पेकरी अमेरिकेत वाढले. आज अमेरिकेत जी रानटी डुकरं आहेत, ती माणसांनी जहाजांतून आणलेल्या डुकरांची औलाद. टेक्सासमध्ये दोन्ही एकाच रानात दिसतात, तिथं वर सांगितलेली शेपटाची खूण उपयोगी पडते.

हाडांत शोधलं तर फरक आणखी पक्का होतो. रानडुकराला 44 दात, पेकरीला 38. डुकराच्या चारही पायांना चार-चार बोटं, हावेलिनाच्या पुढच्या पायांना चार आणि मागच्यांना तीन. रानात ठसा बघून हे मोजता येणार नाही, कारण मातीत बहुधा मधल्या दोन खुरांचीच खूण उठते. वॉशमधल्या, म्हणजे कोरड्या ओढ्यातल्या, मऊ वाळूत तो ठसा शोधा: जेमतेम सव्वा-दीड इंच लांब, टोकाला बोथट. हरणाचा ठसा याहून लांबट आणि टोकदार.

पेकरींच्या सर्वमान्य जाती तीन. आमची गळपट्टेवाली, म्हणजे हावेलिना, जिचा पसारा ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सासपासून थेट अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत आहे. वाळवंट, काटवन, पावसाचं जंगल, सगळीकडं ती निभावून नेते. प्राण्या-झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये तिला चक्क डुकराच्या प्रजातीतच घातलं होतं. पुढं तिचं शास्त्रीय नाव इतक्यांदा बदललं की जुन्या पुस्तकांत टायासू, नंतरच्यांत पेकारी आणि आता डायकोटायलिस टाजाकू असं वाचायला मिळतं. गोंधळू नका, प्राणी एकच. डायकोटायलिस या नावातला अर्थ मला फार आवडतो: दोन बेंब्यांची. पाठीवरची ती ग्रंथी म्हणजे दुसरी बेंबी, असं पूर्वी युरोपी लोकांना वाटायचं.

दुसरी पांढऱ्या ओठांची, टायासू पेकारी, दक्षिण मेक्सिकोपासून खाली दाट जंगलांत. हिचे कळप शेकड्यांत असतात, आणि जबडा इतका भक्कम की ताडवर्गातल्या झाडांची टणक फळं फोडून खाते. एवढ्या मोठ्या कळपाला सलग जंगल लागतं. ते तुटत चाललंय, म्हणून ही जात आज असुरक्षित गणली जाते.

तिसरीची गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. 1930 मध्ये अर्जेंटिनात सापडलेल्या हाडांवरून एका पेकरीचं वर्णन लिहिलं गेलं, आणि ती नामशेष झालेली जात, असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राल्फ वेत्झेल हे शास्त्रज्ञ पॅराग्वेच्या चाको नावाच्या रखरखीत, काटेरी मुलखात गेले, तर तोच प्राणी तिथं जिवंत. 1975 मध्ये ही बातमी शास्त्रजगतात जाहीर झाली. तिथल्या लोकांना मात्र हे जनावर आधीपासून ठाऊक होतं, ते त्याला 'ताग्वा' म्हणत. ही चाकोतली पेकरी, कॅटागोनस वॅगनेराय, तिन्हींत सर्वांत संकटात आहे. तीही निवडुंगावरच जगते. निवडुंगाचा पानासारखा फड जमिनीवर टाकून नाकाडानं लोळवत त्याचे काटे झिजवते आणि मग खाते.

काय खाते, ते निवडुंग सांगतो

इथं मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला हे सगळ्यात चटकन समजेल.

दुसऱ्या दिवशी मी आबांना रान दाखवायला नेलं. ते एकेक झाड ओळखत सुटले. फड्या निवडुंग. घायपात. आणि ओढ्याकाठी वेडी बाभूळ. "ही तर आपल्या बांधावरची झाडं," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की ती मूळची इकडची. निवडुंग, घायपात आणि वेडी बाभूळ तिन्ही अमेरिकेतून आपल्याकडं आली आणि आता आपल्याला ती आपलीच वाटतात. (इथली मेस्कीट ही वेड्या बाभळीची सख्खी बहीण, तीच शेंग, तोच काटा.) आबा थबकून म्हणाले, "झाडं आली, अन् ती खाणारं जनावर हितंच ऱ्हायलं." हावेलिनाच्या आहारावर याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

तर, हावेलिना काय खाते? ट्यूसॉनच्या आसपास वर्षभराचा आधार फड्या निवडुंगाचा. ज्याला आपण निवडुंगाचं पान म्हणतो ते खरं तर खोड, आणि त्यात बहुतेक पाणीच. जिथं वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं हेच तिचं अन्न आणि हाच तिचा रांजण. काट्यांसकट चावते. निवडुंगात ऑक्झलेट नावाचं अपायकारक द्रव्य भरपूर असतं, दुसरं जनावर एवढं खाऊन आजारी पडेल, हिला ते चालतं. डुकराच्या पोटाला एकच कप्पा, हिच्या पोटाला अनेक, आणि त्यांत चारा आंबतो. तरी ती रवंथ करत नाही, हे लक्षात असू द्या.

बाकी आहार ऋतूप्रमाणं. उन्हाळ्याच्या मध्याला मेस्कीटच्या शेंगा पिकून पडतात, तेव्हा कळप झाडाखालून हलत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात निवडुंगाची लाल-जांभळी बोंडं. आपण लहानपणी बोंडं खाऊन जीभ रंगवायचो, तशी हावेलिनाची नाकाडं रंगलेली दिसतात. घायपाताचा गड्डा, कंद, मुळ्या उकरते. मधूनच अळ्या-किडे. ऑक्टोबर 2023 मध्ये ॲरिझोनातल्याच सेडोना गावाजवळच्या एका गोल्फच्या मैदानाची हिरवळ हावेलिनांनी नांगरल्यासारखी उलटीपालटी केली, त्याचे व्हिडिओ जगभर फिरले. पाणी घालून घालून ओल्या ठेवलेल्या मातीत गांडुळं आणि अळ्या असतात, त्यांच्यासाठीच होतं ते.

तुमच्या दारात कोण येऊन गेलं, हे चाव्यावरून ओळखा. सशानं किंवा उंदरानं खाल्लेल्या निवडुंगाची कड कुरतडल्यासारखी साफ असते. हावेलिना फड तोंडात धरून ओढून फाडते, त्यामुळं कडेला धागे लोंबतात. शेजारी लेंडी सापडली तर काडीनं फोडून बघा, आत निवडुंगाचा चोथा दिसतो. आबांनी पहिल्याच दिवशी ते केलं. माझ्या मुलीनं नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी तीच काडी घेऊन पुढं होती.

कधी, कुठं

उन्हाळ्यात ट्यूसॉनचा पारा 40 च्या वर जातो. हावेलिनाला कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणं फारसं जमत नाही, म्हणून ती दिवसभर सावलीत, कपारीत, रस्त्याखालच्या मोरीत पडून असते आणि अंधारात फिरते. तेव्हा उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आधी बाहेर पडा. हिवाळ्यात उलटं. अंगावर दाट लोकर नाही, थंडी सोसत नाही, म्हणून रात्री सगळ्या एकमेकींना बिलगून झोपतात आणि उन्हं वर आल्यावर निघतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ ते दहा ही सर्वांत चांगली वेळ. पाहुण्यांना याच दिवसांत बोलवा.

जागा म्हणाल तर डोंगराच्या पायथ्याचे वॉश. जिथं निवडुंग दाट आणि मेस्कीटची सावली जवळ, तिथं. साबिनो कॅनयनच्या खालच्या वाटा आणि सग्वारो राष्ट्रीय उद्यानाचा परिसर, दोन्हीकडं मी अनेकदा पाहिल्या आहेत. एका कळपात बहुधा आठ-दहा जणी, आणि त्यांचा इलाखा ठरलेला, साधारण 750 एकरांचा. एकदा दिसल्या की चार दिवसांनी त्याच बाजूला पुन्हा जा. ज्यांच्याकडं अर्धाच दिवस आहे किंवा गुडघे दुखतात, त्यांनी सरळ ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम गाठावं. तिथं आखून दिलेल्या वाटेवरून निवांत बघता येतात.

जाताना चिमूटभर धूळ सोडून वारा बघा. वारा तुमच्याकडून त्यांच्याकडं वाहत असेल तर घरी परत जा, काही दिसणार नाही. शंभर फुटांच्या आत जाऊ नका. दुर्बीण न्या.

समोरासमोर आलात तर

त्या तुमच्या दिशेनं धावल्या तर बहुतेक वेळा तो हल्ला नसतो. नजर अधू, त्यामुळं धोका कुठं आहे हे न कळता कळप फुटतो आणि एखादी तुमच्याच अंगावरून पळायला बघते. बाजूला व्हा, वाट मोकळी करा. दातांचा कटकट आवाज आला, मानेवरचे केस उभे राहिले, 'हुफ' असा भुंकल्यासारखा आवाज आला, की तुम्ही फार जवळ आहात. सावकाश मागं सरा. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये कधीच उभं राहू नका.

खरा धोका कुत्रा बरोबर असताना. कायोटी, म्हणजे इथला कोल्ह्यालांडग्यासारखा प्राणी, त्यांची पिल्लं पळवतो, म्हणून कुत्रा दिसला की त्या लढायलाच उभ्या राहतात. दोर आखूड धरा, कुत्रा लहान असेल तर उचला आणि मागं फिरा. भांडण सोडवायला मध्ये हात घालू नका, ते सुळे वस्तऱ्यासारखे असतात.

अंगणात शिरल्या तर आधी फाटक उघडा, मग ताटल्या वाजवा किंवा पाण्याचा फवारा मारा. बाहेर जायची वाट न ठेवता हुसकावणं ही सर्वांत वाईट चूक.

खायला घालू नका

हे मी विनवून सांगते. आपल्याकडं दारी आलेल्या जिवाला घास देणं हे पुण्य, आणि ती भावना मला कळते. पण हावेलिनाला दिलेला घास तिच्या जिवावर बेततो. आमच्या गल्लीत एका घरून रोज रात्री सफरचंदाच्या फोडी आणि शिळी पोळी बाहेर ठेवली जायची. दोन महिन्यांत कळप दिवसाढवळ्या दारात येऊन बसायला लागला. मग एक कुत्रा फाडला गेला, एका आजोबांच्या पोटरीला टाके पडले, आणि शेवटी कळपातल्या दोघींना ठार करावं लागलं. घास देणाऱ्यानं प्रेमानंच दिला होता. ट्यूसॉन ज्यात येतं त्या पिमा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, रानटी प्राण्यांना खाऊ घालणं कायद्यानंही गुन्हा आहे, पक्षी आणि झाडांवरच्या खारी एवढाच अपवाद.

घराभोवती एवढं करा: कचऱ्याचा डबा आदल्या रात्री नव्हे, गाडी येते त्या सकाळी बाहेर ठेवा. झाडाखाली पडलेली संत्री-लिंबं रोज उचला. ऑक्टोबरात दारात भोपळे मांडायची इथली रीत आहे, ते आत खिडकीत ठेवा. घराखालची पोकळी जाळीनं बंद करा. भाजीच्या वाफ्याला जमिनीपासून आठ-दहा इंचांवर विजेच्या कुंपणाची एकच तार पुरते, कारण नाक तिथंच लागतं. ट्यूलिपचे कंद त्या उकरतातच, त्यांच्याऐवजी रोझमेरी लावा, किंवा टणटणी. होय, आपली घाणेरी. इथं ती नर्सरीत विकत मिळते, आणि हावेलिना तिला सहसा तोंड लावत नाही.

वही ठेवा

नुसतं बघून विसरायला होतं. तारीख, वेळ, किती मोठ्या, किती लाल, काय खाल्लं, वारा कुठून, एवढं लिहा. 2017 च्या जानेवारीत उत्तरेकडच्या प्रेस्कॉटजवळ आठ वर्षांच्या एका मुलानं शाळेच्या प्रकल्पासाठी मेलेल्या हावेलिनाशेजारी कॅमेरा लावला. कळपातल्या बाकीच्या दहा दिवस तिथं येत राहिल्या. तिला नाकानं ढोसून उठवायला बघत होत्या, शेजारी झोपत होत्या, कायोटींना हाकलत होत्या. पुढं शास्त्रज्ञांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. त्याच्याआधी हे कुणी असं टिपलेलं नव्हतं.

आबांची वही अजून माझ्याकडं आहे. शंभर पानी, सांगोल्याहून आणलेली. शेवटच्या खेपेची त्यांची नोंद अशी: "मंगळवार. सकाळी साडेआठ. मोठ्या 9, लाल 2. फड्याची तीन पानं खाल्ली, चौथं टाकलं. वारा डोंगराकडून. एक लंगडती होती, मागच्या डाव्या पायानं. बाकीच्या तिच्यासाठी ओढ्यात थांबल्या."